लाल दिव्यावरचे गंध

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या मोहाडीच्या घरात माऊस चालेनासा झाला. त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता माझी सून मोना हिच्या शिक्षकभरतीचा प्राधान्यक्रम भरण्याची मुदत संपणार होती. मधल्या सहा तासांचा हा वृत्तान्त आहे, आणि त्यातला माझा वाटा मी सौम्य करून सांगणार नाही.

माझ्या खोलीत मेजावर एक जुना संगणक आहे. एकतीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो. तेव्हापासून गावोगावच्या जीर्ण हस्तलिखित स्तोत्रांच्या शुद्ध प्रती करण्यासाठी मी तो वापरतो. मोनाजवळ तिचा लॅपटॉप आहे. त्याचे बोटाने फिरवायचे पटल गेल्या वर्षी निकामी झाले. वायर खुपसण्याच्या दोन खाचांपैकी एक मोडली आहे आणि दुसरी ढिली. गेल्या दिवाळीत घरी आलेल्या माझ्या मुलाने, चंद्रकुमारने, यावर एक उपाय केला. घरातल्या वायफायवरून त्याने दोन्ही यंत्रे अशी जोडली, की माझा एकच माऊस दोघांनाही पुरावा. लॅपटॉप माझ्या मेजावर शेजारी आणून ठेवायचा आणि माझ्या पडद्यावरचा बाण उजव्या कडेपर्यंत न्यायचा. तो तिथे अदृश्य होतो आणि त्याच क्षणी मोनाच्या पडद्यावर प्रकट होतो. पहिल्या दिवशी मी कितीतरी वेळ तो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेत बसलो होतो. मोना म्हणाली होती, "मामाजी, बस्स करा आता. त्याचा पासपोर्ट फाटन."

चंद्रकुमार तिकडे नाशिक जिल्ह्यात, सिन्नरच्या एका कारखान्यात काम करतो. वर्षातून दोनदा घरी येतो. त्याची मुलगी मनाली चार वर्षांची आहे आणि बापाला ती फोनमधल्या चौकटीएवढेच ओळखते. प्रत्यक्ष आला की पहिला दिवस आजीच्या पदराआड काढते. मोनाने शिक्षकपात्रता परीक्षा उत्तीर्ण केल्याला पाच वर्षे झाली होती, आणि पाच वर्षांनी ही भरती निघाली होती. शाळांच्या यादीत आपल्या जिल्ह्यातल्या काही होत्या, जवळच्या करडी गावचीही एक होती. नाशिक जिल्ह्यातल्याही होत्या. कोणत्या वर ठेवणार, हे तिने मला सांगितले नव्हते. मी विचारले नव्हते. उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

हे काम ती दसऱ्याच्याच दिवशी उरकणार होती. मी तिला थांबवले. आमच्या घरी दसऱ्याला पाटी, पोथ्या, लेखणी, विळा, नांगराचा फाळ हे सारे पूजेला मांडतात, आणि मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत कोणी उचलीत नाही. मी म्हणालो, "संगणक ही आता माझी लेखणीच आहे. आज तो विश्रांती घेईल."

"मामाजी, सर्व्हर दसरा नाही पाळत," मोना म्हणाली. पण माझा शब्द तिने मोडला नाही. जाताना एवढेच म्हणाली, "फूल ठेवा, आपट्याचं पान ठेवा. मशीनले गंध नका लावजा."

मी 'बरे' म्हणालो.

ती स्वयंपाकघरात गेली. मी झेंडूचे फूल पडद्यासमोर ठेवले आणि माऊस पुसण्यासाठी उचलला. संगणक निजवलेला होता, तरीही माऊसच्या पोटाखाली एक तांबडा दिवा तेवत होता. इतकी वर्षे ती वस्तू माझ्या हाताखाली होती आणि मी तिला कधी उलटी करून पाहिले नव्हते. सहाणेवरचे चंदन ओले होते. माझी अनामिका त्यात बुडाली आणि त्या दिव्यावर टेकली. वर दोन अक्षताही वाहिल्या. मग ज्याप्रमाणे होता त्याप्रमाणे मी तो पालथा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मनालीला अंगणवाडीत सोडून मोना मेजाशी बसली. संकेतस्थळ उघडले, परवलीचा शब्द दिला, शाळांची यादी आली. तिने माऊस हलवला.

"मामाजी, बाण नाही हालून राहिला."

"दाबून पाहा."

तिने दाबले. लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. पुन्हा दाबले, चौकट मिटली. बाण मात्र परवा सोडला होता तिथेच, यादीच्या वरच्या कोपऱ्यात खिळल्यासारखा होता.

"म्हणजे थो इथीच हाये. तुमच्याकडून निघाला, इथी आला, अना फसला," ती म्हणाली.

तिने माऊस माझ्या यंत्रातून काढून लॅपटॉपच्या ढिल्या खाचेत खुपसून पाहिला. बाण हलला नाही. पण त्या खाचेचा विश्वास कोण धरणार? तो पुन्हा माझ्या यंत्राला लागला आणि मोनाने नवऱ्याला फोन लावून मेजावर ठेवला.

"राऊटरच्या किती लाईटा लागून राहिल्या?" चंद्रकुमारच्या मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"चारी लागल्या."

"बंद कर. दहापर्यंत मोज. मंग चालू कर."

मोनाने दहापर्यंत मोजले. मीही मनात मोजत होतो. राऊटर पुन्हा चालू झाला, चारही दिवे लागले, बाण तिथेच राहिला.

"बाबूजी, तुमी कालपासून काही दाबलं तं नाही ना?"

"मी काहीही दाबलेले नाही," मी म्हणालो. त्या वेळी ते निर्मळ सत्य होते. गंधाची आठवण माझ्या मनाला अद्याप शिवली नव्हती.

पाऊण तास याप्रमाणे गेला. दोन्ही यंत्रे निजवून उठवली. तिने कळफलकावरून यादी हलवण्याचा यत्न केला. एका नावावरून दुसऱ्या नावावर जाता येत होते, पण नाव वर चढवायचे तर ते माऊसने धरून ओढणेच भाग होते. फोनवर ते पान उघडे, परंतु नावे ओढू लागले की सगळे पानच सरके. माझ्या जुन्या संगणकावर ते संकेतस्थळ मुळी उघडतच नव्हते. गावात संगणकाचे एकच दुकान आहे. त्याचा मालक दसऱ्यासाठी सासुरवाडीला गेला होता. "संध्याकाळी येतो, वहिनी, सात वाजेपर्यंत," तो फोनवर म्हणाला.

"सात वाजता माऊसले का हार घालू?" मोना म्हणाली, पण फोन ठेवल्यावर.

साडेबाराला जेवणाच्या सुटीत चंद्रकुमारचा पुन्हा फोन आला. "एक राहिलंच. माऊस उलटा करून पाह्य बरं. खाली लाल लाईट लागते का?"

हे शब्द कानी पडले आणि माझी अनामिका थंड पडली. मोनाचा हात माऊसकडे जात होता. त्याआधी मी तो उचलला, खिडकीकडे वळलो आणि पाठमोरा राहून पाहिले. गंध वाळून त्याचा पापुद्रा धरला होता. मधोमध एक अक्षत रुतली होती. कडेकडेने तांबडा उजेड अडत अडत बाहेर येत होता.

"लागतो आहे," मी म्हणालो आणि माऊस पालथा ठेवला.

"मंग माऊस बरोबर हाये," चंद्रकुमार म्हणाला. "नेटवर्कचंच लफडं हाये. थे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावं लागन."

आणि माझ्या त्या दोन शब्दांवर विसंबून ती दोघे चुकीच्या वाटेने निघाली.

सॉफ्टवेअर काढायचे तर तेही कळफलकाने, एकेका चौकटीवरून चाचपडत. मोनाचा डावा हात कळांवर चाले आणि उजव्या मुठीत माऊस घट्ट धरलेला असे. मला वाटत होते, ती क्षणभर उठेल, पाणी पिईल, तेवढ्यात मी ओल्या कापडाने तो दिवा पुसून टाकीन. कोणास काही कळणार नाही. ती उठेना. मी दोनदा विचारले, "पाणी आणू का?" तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने वर न पाहताच म्हटले, "मामाजी, तुमी बसा ना एका जागी. मले तुमच्यानं सुधरून नाही राहिलं."

मी एका जागी बसू शकलो नाही. अंगणात गेलो, तुळशीपर्यंत चाललो, परत आलो. भिंतीवरचे घड्याळ पाहिले, पुन्हा अंगणात गेलो. एक वाजून दहा मिनिटे, एक वाजून चौदा मिनिटे. आयुष्यभर मी संधी सोडवल्या, विग्रह केले, मुलांच्या उत्तरातला अर्धवटपणा क्षणात ओळखला. आणि आता माझ्याच तोंडून असे उत्तर गेले होते, की ज्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि जे समग्र खोटे होते.

माझी पत्नी आनंदाबाई ओसरीवर नव्या धानाचे पोहे निवडीत होती. "काहून येरझारा मारून राहिले जी? पोट दुखते का?"

"नाही."

"काल देवाले गंध मी लावलं. पोथ्याइले बी मीच लावलं. तरी सहाणेवरचं कमी झालं." तिने सूप हलवले. "तुमी कोनाले लावलं?"

तिने सुपातला एक खडा वेचला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पाच वाजेपर्यंत मुके रायले म्हणजे पोरगी इथीच रायल, असं वाटते का तुमाले?"

"असे माझ्या मनातही नाही."

"नसन बापा," ती म्हणाली, आणि एक खडा अंगणात फेकला.

मी तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या मनात ते होते. आरंभी लज्जा होती, हे खरे. सुनेला शब्द देऊन मोडला, यंत्राला गंध फासले, हे वयाला न शोभणारे होते. परंतु लज्जेला एवढा वेळ लागत नाही. त्या लज्जेच्या मागे बसून कोणीतरी घड्याळ पाहत होते आणि प्रत्येक मिनिटाला समाधान पावत होते. मनालीचा चिमुकला पाट माझ्या पाटाशेजारी राहील, सायंकाळचे श्लोक ती माझ्याच मांडीवर म्हणेल, करडी काही दूर नाही, पुढच्या भरतीला पाहू, असे ते कोणीतरी म्हणत होते. तो मीच होतो.

भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा माझी शाळा गोंदियाच्या बाजूला गेली. आम्हा शिक्षकांना विकल्प विचारला गेला. मी भंडारा लिहिले, कारण हे घर इथे होते. माझ्या सासऱ्यांची शेती तिकडे होती आणि आम्ही तिकडेच राहावे अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी ती एकदा बोलून दाखवली आणि मग अर्जावर सही करण्यासाठी स्वतःच्या खिशातले पेन काढून मला दिले.

मी आत वळलो तेव्हा मोना उंबरठ्यावर उभी होती. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, एका हातात चपला.

"आई, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं तरी बाण नाही हालून राहिला. मनालीले तुमी आणजा. मी भंडाऱ्याले जातो. दोनची गाडी भेटली तं तीनपर्यंत पोहोचतो. तिथी कॅफे उघडा असन नाही तं नवा माऊस घेतो, बसस्टँडवर बसून भरतो."

"अना गाडी नाही भेटली तं?" आनंदाबाईने विचारले. प्रश्न तिला होता, दृष्टी माझ्याकडे.

"मोना, थांब," मी म्हणालो. "माऊस बिघडलेला नाही. जाळेही बिघडलेले नाही. काल मी त्याच्या दिव्यावर गंध लावले. ते वाळले आहे. त्याला खालचे काही दिसत नाही, म्हणून बाण हलत नाही."

तिने चपला उंबरठ्यावर टाकल्या. पिशवी खाली ठेवून मेजाशी गेली, माऊस उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मी दाराशी उभा होतो.

"तांदूळ बी हाये," ती म्हणाली.

"दोन वाहिल्या होत्या. एक पडली असावी."

"तुमी तं म्हटलं होतं, लाईट लागते."

"लागतो आहे. मी तेवढेच सांगितले."

"तुमाले तेव्हा दिसलं होतं?"

"दिसले होते."

"साडेबाराले." तिने घड्याळाकडे पाहिले. दोन वाजायला सात मिनिटे होती. "मामाजी, शाळेत कोण्या पोट्ट्यानं असं उत्तर देलं तं तुमी का करत होते त्याले?"

"उभे करीत असे."

"मंग राहा उभे."

ओसरीवरून आनंदाबाईचा आवाज आला, "बरं केलं."

मी उभा राहिलो. मोनाने केसातली पिन काढली आणि तिच्या टोकाने अक्षत उचकटली. गंध सोपे निघेना. दिव्याच्या काचेभोवतीच्या खोलगट भागात ते लिंपल्यासारखे बसले होते. तिने कापसाची वात पाण्यात भिजवून, पिळून, हळूहळू फिरवली. पिवळसर पाणी निघाले. दुसरी वात, तिसरी वात. फार ओले होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी कोरड्या वातीने टिपून घेई. तिच्या हाताला घाई नव्हती. ती घाई सगळी माझ्या पायांत उतरली होती आणि मला पाय हलवण्याची मुभा नव्हती.

"सांगाले उशीर कायले केला?" तिने मान खाली ठेवूनच विचारले. "लाज वाटली म्हणून?"

"आधी लाज वाटली म्हणून." पुढचे शब्द माझ्या तोंडून सहजी निघाले नाहीत. "नंतर, पाच वाजून जावेत असे वाटले म्हणून."

तिची वात थांबली. बाहेर आनंदाबाईचे सूपही थांबले. मग वात पुन्हा फिरू लागली.

"तुमी म्हणाले असते ना, 'जाऊ नको'," मोना म्हणाली, "तं मी भांडली असती तुमच्याशी. दोन दिवस बोलली नसती. पण भांडता तरी आलं असतं."

मी दाराशेजारच्या भिंतीला पाठ टेकली.

अडीचच्या सुमारास तिने पिशवीतला लॅपटॉप काढून पुन्हा शेजारी मांडला, माऊस मेजावर ठेवला आणि हलवला. बाण थरथरला, थोडा सरकला, मग मोकळा होऊन पडदाभर धावला. तिने तो लॅपटॉपवरून माझ्या पडद्यावर आणला आणि पुन्हा परत नेला. फोन वाजला. चंद्रकुमार होता.

"चालू झाला," मोना म्हणाली.

"का होतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. "काही नाही, कचरा होता खाली."

"कचरा नव्हता," मी मेजाकडे न सरकता मोठ्याने म्हणालो. "गंध होते. मी लावले, आणि तू विचारलेस तेव्हा मी लपवले."

"माऊसले गंध?" चंद्रकुमारला हसू आवरेना. मग हसू थांबले. "लपवलं काहून, बाबूजी?"

"थे मी सांगन तुमाले," मोना म्हणाली. "आता फोन ठेवा, मले यादी लावू द्या." तिने फोन ठेवला.

यादी लावणे सोपे नव्हते. एकवीस शाळा होत्या. एक नाव धरून वर नेले की मध्येच सुटे आणि भलत्याच जागी जाऊन बसे. दोनदा संकेतस्थळाने तिला बाहेर काढले आणि सारे पहिल्यापासून करावे लागले. आनंदाबाई मनालीला घेऊन आली. मनालीने मला भिंतीशी उभे पाहून विचारले, "आबाजी, तुमाले कोनं उभं केलं?"

"तुझ्या आईने."

"कायले?"

"मी शाळेतल्या मुलासारखा वागलो म्हणून."

ती विचारात पडली आणि मग माझ्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, तशीच उभी राहिली. दोन मिनिटांत कंटाळून पोह्यांकडे निघून गेली.

सव्वाचारला मोना म्हणाली, "मामाजी, या इकडं. लॉक केलं का मंग काही बदलत नाही. मी कागदावर लिवलं हाये, तुमी पडद्यावरचे कोड वाचा. मी जुळवतो."

तिने उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः कागद, पेन घेऊन बाजूला बसली. मी चष्मा पुसला. वरून खाली एकवीस ओळी होत्या. पहिल्या ओळीत सिन्नर तालुक्यातल्या एका गावाची शाळा होती. दुसरी, तिसरी, चौथीही त्याच तालुक्यातल्या. करडी नवव्या ओळीत होती.

मी पहिला सांकेतिक क्रमांक वाचला. शेवटचे दोन अंक नीट उमटले नाहीत. मी पुढे गेलो. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकावर तिच्या पेनाची टिकली पडत होती. नवव्यापाशी तिने वर पाहिले. मी नववा वाचला आणि न थांबता दहावा वाचला. एकविसाव्यापर्यंत आलो तेव्हा चार वाजून एकतीस मिनिटे झाली होती.

"एक टिकली राह्यली," ती म्हणाली. "पयला बरोबर ऐकू नाही आला. पुन्हा वाचता का?"

मी पडद्याजवळ वाकलो आणि वर्गात वाचीत असे त्याप्रमाणे, प्रत्येक अंक वेगळा करून, पहिला क्रमांक पुन्हा वाचला. तिने कागदावर टिकली केली, माझ्या हाताखालून माऊस घेतला आणि बाण लॉकच्या बटणावर नेऊन दाबला.